बिनशिट्टीचा कुकर

१२ जुलै

कुकर बनवणाऱ्या कंपनीत मी इंजिनिअर आहे आणि मला कुकरची भीती वाटते. ऑफिसात हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथे लिहून टाकते. सांगलीला आई कुकर चढवायची तेव्हा पहिल्या शिट्टीच्या आधीच मी मागच्या अंगणात पळालेली असायचे. आता तिशी उलटली, पगार कुकरचाच खाते, तरी शिट्टीच्या आधी तो फुसफुसायला लागला की मी अजूनही दोन पावलं मागे सरते.

आज ही भीतीच माझ्या अंगाशी आली. आमचे मालक प्रतापराव मोहिते यांनी सगळ्यांना इंदूरच्या सांवेर रोडवरच्या कारखान्यात मीटिंगला बसवलं होतं. पुण्याहून क्षितिजा नावाच्या सल्लागार बाई आल्या होत्या. वयाने माझ्याएवढ्याच, पण बोलताना एकदाही अडखळल्या नाहीत. "तुमचा शिट्टीचा कुकर लवकरच कुणीतरी संपवणार आहे," त्या म्हणाल्या. "ते विजेवरचे, बटण दाबलं की झालं असले कुकर बघताय ना? दुसऱ्याने संपवण्यापेक्षा तुम्हीच संपवा. त्यासाठी वेगळी माणसं घ्या आणि त्यांना जुन्या कामापासून लांब बसवा. जुना धंदा नव्याला वाढू देत नाही." हा कुकर प्रतापरावांच्या वडिलांनी काढलेला. त्यांचा हार घातलेला फोटो बाईंच्या बरोबर मागे होता. आम्ही सगळे फोटोकडे बघत बसलो.

मग त्यांनी एकेकाला विचारलं, या भांड्यातलं काय काढून टाकावंसं वाटतं? माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं, "शिट्टी."

सगळे हसले. विक्री बघणारे भूषण तर टेबलावर हात आपटून हसले. "अरे ऋजुताजी, शिट्टी काढली तर बायका मोजतील काय?"

प्रतापराव हसले नाहीत. संध्याकाळी केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "मागचं गोदाम रिकामं आहे. लॅबमधल्या नचिकेतला बरोबर घ्या आणि लागा कामाला."

भीतीपोटी बोलून गेले आणि तेच गळ्यात पडलं. नाही जमलं तर मालकांचं हसं होईल, आणि जमलं तर जुन्या कारखान्यातली शंभर माणसं माझ्याकडे कशी बघतील?

३० सप्टेंबर

जमतंय. यालाच घाबरायचं का, कळत नाही.

झाकण आता ताटासारखं सपाट आहे. मधोमध एक चपटी स्टीलची टोपी आहे आणि वाफ तिच्या कडेच्या बारीक भोकांतून गुपचूप निघून जाते. आवाज अजिबात नाही. आज मी पहिल्यांदा चालू कुकरच्या शेजारी उभं राहून चहा प्यायले. आईला फोन करून सांगितलं तर म्हणाली, "मग झालं हे कळायचं कसं?" आम्ही दांड्यात एक छोटा दिवा दिलाय, तो हिरवा होतो. आईला तो फारसा पटलेला दिसला नाही.

नचिकेतचं म्हणणं होतं की सेफ्टी व्हॉल्व्ह झाकणावर वेगळीकडे हवा. प्रतापरावांना मात्र दुसरं भोक नको होतं. झाकण हातात फिरवून म्हणाले, "ऋजुता, हे असं कोरं करकरीत राहू द्या. हीच तर गंमत आहे." मग व्हॉल्व्हही त्याच टोपीखाली बसवला.  मीही मालकांच्या बाजूने बोलले, कारण झाकण खरंच देखणं दिसतं.

एकच कटकट आहे. तुरीची डाळ लावली की टोपीच्या कडेने पिवळं पाणी झिरपतं आणि ओट्यावर थारोळं होतं. फार नसतं, पण दरवेळी होतं. नचिकेतने भोकं बदलून पाहिली, तरी फरक नाही.

२१ जानेवारी

आता कुकर घराघरांत वापरून बघायचे आहेत. क्षितिजाबाईंनी फोनवर दोन गोष्टी बजावल्या. ओळखीची घरं घेऊ नका. आणि बायकांना विचारू नका, शेजारी उभ्या राहून बघा, कारण विचारलं की माणसं तुम्हाला बरं वाटेल तेच सांगतात.

बरोबर असेल त्यांचं. पण अनोळखी दार वाजवून "तुमच्या स्वयंपाकघरात उभी राहू का" हे मला जमणार नव्हतं. काल सुलोचनाकाकूंकडे हळदीकुंकू होतं. सुलोचनाकाकू जगदाळे इथल्या लालबाग राजवाड्याजवळ राहतात. सासऱ्यांचे आजोबा होळकरांच्या फौजेत होते हे त्या पहिल्या भेटीतच सांगतात. मुलगा नोकरीसाठी लांब, घरी एकट्याच. इंदूरला आले तेव्हा माझं कुणी नव्हतं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात यांनीच हाताला धरून शेजारी बसवलं होतं.

वाण घेताना मी भीत भीत विषय काढला, तर काकूंनी सगळ्यांसमोर जाहीरच केलं, "आपल्या ऋजूने कुकर बनवला आहे! सगळ्यांनी वापरायचा, समझलं?" बसल्या बैठकीला पंधरा-वीस घरं मिळाली. सुदामा नगरची वसुधाही आहे त्यांत, माझ्याच वयाची, तिला पलक नावाची रांगती मुलगी आहे. माझा जीव भांड्यात पडला. क्षितिजाबाईंना "निवड झाली" एवढंच कळवलं.

९ फेब्रुवारी

आज पहिली फेरी. प्रत्येक घरी आधी फोन करून गेले, उगाच कुणाची धावपळ नको.

काकूंकडे बेल वाजवली की आतून "थांब गं, आले!" असा आवाज येतो, मग भांड्यांची थोडी खडखड, मग पदराला हात पुसत काकू दार उघडतात. आत गेल्यावर पोहे तयार असतात. "बैठ ना, सेव घाल वरून. कुकर? एकदम बढिया! काही दिक्कत नाही." मी स्वयंपाकघरात डोकावले. कुकर नुकताच उतरवलेला होता, ओटा लख्ख. पिवळ्या पाण्याचा एक थेंब नाही! लॅबमध्ये आम्ही महिने घालवले आणि इथे ती तक्रार आपोआप मिटली. घरच्या गॅसची आच मंद असते, त्यामुळे असेल.

बाकीच्या घरांतही तेच. लख्ख ओटे, पोहे, "बहुत अच्छा है." इथल्या बायका फडक्यांच्या बाबतीत मात्र जरा गाफील आहेत. तीन-चार घरांत दोरीवर वाळत घातलेल्या फडक्यांवर हळदीची गोल पिवळी कडी उमटलेली दिसली. आईने असलं फडकं घरात ठेवलं नसतं.

निघताना काकूंनी डबाभर गूळपोळ्या दिल्या. आई फोनवर म्हणाली, डबा रिकामा परत करू नकोस हं. साखर घालून परत केला. काकू म्हणाल्या, "शिकवलंय आईने पोरीला."

२७ फेब्रुवारी

कुकर चढवल्या-उतरवल्याची वेळ टिपायला घरोघरी कागद दिले होते, त्यांचे आकडे आले आणि तेव्हापासून मला बरं वाटत नाहीये.

डाळ सगळीकडे एकच आहे. सियागंज बाजारातून एक पोतं आणून मीच वाटली होती, पाण्याचं मापही सगळ्यांना दिलं होतं. तरी घरांमध्ये डाळ लॅबपेक्षा खूपच लवकर शिजते. थोडीथोडकी नाही, आम्हाला लागतो त्याच्या निम्म्या वेळात गॅस बंद होतो.

भूषणना हा आकडा कुठून कळला देव जाणे. धावतच गोदामात आले. "ऋजुताजी, ये तो कमाल आहे! शिट्टी नाही हे ठीक, पण निम्म्या वेळात डाळ? याला म्हणतात मार्केट हलवणं. आता कोई नहीं रोक सकता भिया!" त्यांनी नचिकेतला मिठी मारली.

नचिकेत मिठीतून सुटल्यावर हळूच म्हणाला, "आपल्याकडे का होत नाही मग?"

 वाईट आकडा आला असता तर निदान काय करायचं ते कळलं असतं. हा चांगला आहे आणि तो का चांगला आहे हे मला माहीत नाही, आणि मला त्याची धास्ती वाटते. भूषणना हे सांगितलं तर म्हणाले, "आप टेन्शन बहुत लेती हो."

१४ मार्च

लॅबमध्ये सगळं करून पाहिलं. घरगुती शेगडी आणली, मंद आच, मोठी आच, पाणी कमी, पाणी जास्त. डाळ आपल्याच वेळेला शिजते आणि पिवळं पाणी येतं ते येतंच. मी वसुधाला फोन करून विचारलं, तू काही वेगळं करतेस का? तिने आधी पलकचं काहीतरी सांगितलं. मग म्हणाली, "नाही गं, काही नाही. तू टेन्शन नको घेऊस. सगळं ठीक आहे."

दुपारी प्रतापरावांनी बोलावलं. एप्रिलमध्ये लालबागच्या मैदानावर मेळा आहे, तिथे कुकर लोकांसमोर आणायचा. एका शेगडीवर आपला जुना शिट्टीचा, दुसऱ्या शेगडीवर नवा. शर्यत! नव्यावर डाळ शिजवणार खुद्द सुलोचनाकाकू, कारण सगळ्यांत लवकर डाळ त्यांचीच होते. ही भूषणची कल्पना. मी म्हटलं, सर, आकडा लॅबमध्ये येत नाहीये. प्रतापराव खिडकीबाहेर जुन्या कारखान्याकडे बघत होते. दुपारच्या पाळीची माणसं आत येत होती.

"ऋजुता, यंदा जुन्याची मागणी कुठवर उतरली आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही," ते म्हणाले. "हे चाललं नाही तर ही माणसं जातील कुठे? घरात चालतंय ना? बस."

मी चाचणीचे कागद तसेच परत घेऊन आले.

३ एप्रिल

काकू मेळ्यासाठी सराव करताहेत. नवी पैठणी काढून ठेवली आहे, शेजारपाजारी सांगून झालंय. आज फोन करून गेले तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांवर फोड दिसले. विचारलं तर म्हणाल्या, "पोळ्यांचा तवा, अजून काय." मी मलम आणून लावलं. काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला. "तू नुसती काळजी करतेस. बघच, मेळ्यात तुझं नाव होतं की नाही. मी आहे ना."

त्या असं म्हणाल्या आणि मला रडू आलं. कशाचं, ते माहीत नाही. खूप दमले आहे.

आज चाचणीत कुकर दाब मर्यादेत राखतोय. काल राखत होता, परवाही. सगळे कागद माझ्या बाजूने आहेत, आणि तरी रोज सकाळी छातीत धडधडतं.

९ एप्रिल

आज नचिकेतने साधा प्रश्न विचारला, "घरात कुकर चढवल्यापासून उतरवेपर्यंत कोणी शेजारी उभं राहून बघितलंय का?"

मी म्हटलं, मी इतक्यांदा जाऊन आले की.

"तू जातेस तेव्हा काय करतेस?"

मी आठवून पाहिलं. फोन करते. जाते. बसते. पोहे खाते. विचारते. ओटा बघते. निघते.

उद्या काकूंकडे न सांगता जाणार आहे, त्यांच्या स्वयंपाकाच्या वेळेला. आकडा खोटा निघेल याची भीती आहे. मेळा तोंडावर आला आहे आणि काकूंनी पैठणी काढून ठेवली आहे.

१० एप्रिल

अक्षर नीट येत नाहीये.  लिहिलं नाही तर काही चुकेल, म्हणून लिहिते.

सकाळी काकूंच्या दाराशी गेले आणि बेल वाजवली. आतून नेहमीसारखं "थांब गं, आले!" पण आवाज दचकलेला होता. मग भांड्यांची खडखड. मग एक आवाज झाला. आमच्या कुकरने आजवर केलेला हा पहिला आवाज. आणि त्याच्यावर काकूंची किंकाळी.

दार नुसतं लोटलेलं होतं, ढकलल्यावर उघडलं. स्वयंपाकघर वाफेने भरलं होतं. छताला, भिंतीला, देवाच्या फळीला डाळ चिकटली होती. काकू कोपऱ्यात खाली बसल्या होत्या. उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू लालभडक, आणि हातात फडकं. ओलं, गाठ मारलेलं फडकं, आणि त्या गाठीत अडकून आलेली आमची ती चपटी टोपी. फडक्यावर गोल पिवळं कडं.

एका क्षणात मला सगळ्या घरांतल्या दोऱ्यांवरची फडकी दिसली.

गॅस बंद केला. हातावर पाणी ओतलं, ओतत राहिले. शेजारच्यांनी रिक्षा आणली. रिक्षात काकू कण्हत होत्या आणि कण्हता कण्हताच सांगत होत्या. पिवळं पाणी पहिल्या दिवसापासून येत होतं. सगळा ओटा भरायचा. मग त्यांनी टोपीवर ओलं फडकं आवळून बांधायला सुरुवात केली, पाणी बंद झालं आणि डाळही झटपट व्हायला लागली. "मी म्हटलं, चला, दोन्ही कामं झाली. तू यायचीस तेव्हा काढून ठेवायचे. आज तू फोन नाही केलास ना गं, एकदम खिडकीतून दिसलीस, म्हणून गडबडीत ओढलं."

म्हणजे बेल मी वाजवली म्हणून. त्या माझ्यापासून फडकं लपवायला धावल्या.

"मला सांगितलं का नाही, काकू?"

"लेकीच्या कामाला नावं ठेवायची का? तुझी नोकरी नाही का त्याच्यावर?" मग डोळे मिटूनच म्हणाल्या, "शिट्टी असती तर समजलं असतं बघ, केवढा भरलाय ते. हा काही बोलतच नाही."

मग मला सुचलं ते विचारलं, "बाकीच्यांना माहीत आहे?"

"मीच शिकवलं ना सगळ्यांना. भिशीला."

दहा वाजून गेले होते. सगळ्या घरांत डाळ लावायची वेळ. काकूंना आत नेलं आणि मी दवाखान्याच्या बाहेर उभी राहून एकेक फोन लावत सुटले. "गॅस बंद करा. फडक्याला हात लावू नका. बाहेरच्या खोलीत जाऊन बसा." काहीजणी हसल्या, काही घाबरल्या, एकीने विचारलं, "तुला कुणी सांगितलं फडक्याचं?" वसुधा फोन उचलत नव्हती. तीनदा लावला, चारदा लावला. नचिकेत गाडी घेऊन पोचला होता. त्याला म्हटलं, सुदामा नगर, पळव.

रस्ताभर मला पलकच दिसत होती. वसुधा स्वयंपाक करते तेव्हा ती ओट्याखाली डबे वाजवत बसते, हे मी बाहेरच्या खोलीतून कौतुकाने बघितलं होतं.

त्यांच्या दाराशी पोचले आणि हात बेलकडे गेला. बेल वाजवायची नाही, एवढं एकच डोक्यात होतं. बेल वाजली की ती फडकं ओढायला धावेल. उघड्या खिडकीला तोंड लावून ओरडले, "वसुधा! कुकरला हात लावू नकोस! पलकला उचल आणि बाहेर ये!" आतून काही नाही. पुन्हा ओरडले, आवाज फाटेपर्यंत. मग दार उघडलं. वसुधा पलकला कडेवर घेऊन उभी, फोन पोरीच्या झोपेसाठी सायलेंट ठेवलेला. तिच्यामागे ओट्यावर कुकर, त्याला फडकं आवळलेलं, दांड्यातला दिवा हिरवागार.

नचिकेतने बाहेरून सिलिंडरचा कॉक बंद केला. आम्ही सगळे अंगणात उभे राहिलो. कुकर निवेपर्यंत कुणीच आत गेलं नाही. आत काहीही आवाज नव्हता. तीच तर भीती होती. गरम आहे की गार, भरलेला आहे की रिकामा, बाहेरून काहीच समजत नव्हतं.

१२ एप्रिल

काकूंच्या हाताला आणि मानेला पट्ट्या आहेत. डॉक्टर म्हणतात हात वाचेल, डाग राहतील. मला बघताच त्यांनी जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्या साहेबांना काही सांगू नकोस हं. म्हणावं, काकूचीच गलती. घर मी पुसून घेते."

मी तिथून सरळ केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. भूषणही होते. त्यांचा चेहरा उतरला, पण थोड्या वेळाने म्हणाले, "सर, काकू स्वतः म्हणताहेत ना त्यांची गलती. पुस्तिकेत एक ओळ टाकू, 'टोपी झाकू नये.' मेळा आठ दिवसांवर आहे."

प्रतापरावांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही सांगा, ऋजुता. चूक कुणाची?"

 या एका गोष्टीची मला खात्री होती. "सर, ओट्यावर पाणी आलं की बाई फडकं टाकणारच. कुठल्याही घरातली. आपण वाफेची भोकं आणि व्हॉल्व्ह एकाच टोपीखाली ठेवले, फडक्याने दोन्ही बंद झाले, आणि वर कुकरला आपण गप्प केलं. ही तिची चूक नाही. माझी आहे."

त्यांनी मेळ्याचे कागद मिटून बाजूला ठेवले. मग वडिलांच्या फोटोकडे न बघता म्हणाले, "मेळा रद्द. सगळे कुकर परत आणा." मी दारापाशी पोचले तेव्हा त्यांनी पुन्हा हाक मारली. मला वाटलं नोकरी गेली. ते म्हणाले, "काकूंच्या दवाखान्याचं कंपनी बघेल. आणि गोदामाची चावी ठेवा तुमच्याकडे." माझ्यावर विश्वास आहे की दुसरा इलाज नाही, ते कळलं नाही.

२४ एप्रिल

कुकर परत येताहेत, घासून पुसून चकचकीत केलेले. आणि एकही रिकामा नाही. भांडं रिकामं परत करू नये, म्हणून कुणी आत साखर घातली आहे, कुणी शेव, एकीने बेसनाचे लाडू. नचिकेत लाडू खात हसत होता. मला हसू येईना. मी प्रत्येकीला विचारते, काय खटकलं? आणि अजूनही, सगळं कळल्यावरही, उत्तर येतं, "छान होता गं. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

गोदामात टेबलभर झाकणं उघडून ठेवली आहेत, सगळीकडे गोड वास. हे बघून माझं धाबं दणाणतं. पुढचा कुकरही मी याच बायकांना दिला तर? पुन्हा पोहे, पुन्हा बढिया, पुन्हा आत काय चाललंय ते मला कुणीच सांगणार नाही.

२६ एप्रिल

वसुधा स्वतः आली, पलकला कडेवर घेऊन, सांवेर रोडपर्यंत रिक्षाने. कुकर माझ्यासमोर ठेवला. मी झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं.

मी तिच्याकडे बघितलं. तिने मान वळवली नाही.

"काही घातलं नाही," ती म्हणाली. "राग आला होता. अजून आहे. तू किती वेळा आलीस, खाल्लंस, हिला खेळवलंस. एकदा पण स्वयंपाकघरात उभी नाही राहिलीस. हिला काही झालं असतं तर?"

 मी कागद पुढे ओढला. तिने सांगायला सुरुवात केली. पिवळं पाणी. दांडा हाताला पोळतो. झाकण ओलं असताना निसटतं. दिवा उजेडात दिसतच नाही. आतल्या दाबाचं काहीच समजत नाही, काहीतरी आवाज पाहिजेच. शेगडीवर नीट बसत नाही, एका बाजूला कलतो. पलक टेबलाखाली झाकणं वाजवत होती. मी लिहीत राहिले, पान संपलं, दुसरं घेतलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या कुकरला नावं ठेवत होतं आणि माझी धडधड जरा कमी होत होती.

निघताना ती दारात थांबली.

"पुन्हा बनवलास तर घेऊन ये माझ्याकडे," म्हणाली. "पण येण्याआधी फोन करू नकोस."